मागे अर्थ मिळत नाही

ट्रकच्या पाठीवरील मजकुराबद्दल मराठीत आता बऱ्यापैकी लिहून झाले आहे. शेरोशायरी, आईवडिलांचे आशीर्वाद, गावाचे आणि मुलांचे नाव, दृष्ट लागू नये म्हणून रंगवलेला राक्षस, या साऱ्यांकडे लोकसाहित्य म्हणून पाहण्याची सवय आपल्या मराठी विभागांना लागली आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांवर बंदी घातली, तेव्हा एरवी ट्रककडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांना या तीन शब्दांच्या व्युत्पत्तीची काळजी वाटू लागली. या अभ्यासाला आमचा विरोध नाही. आमच्याही विद्यार्थ्यांनी असे प्रकल्प केले आहेत आणि आम्ही त्यांना गुणही दिले आहेत. परंतु ट्रकच्या पाठीवरचे सर्वांत निकडीचे विधान अक्षरांत लिहिलेले नसते. ते फाळक्याखालच्या दोन तांबड्या दिव्यांत असते. रात्री रंगवलेली अक्षरे दिसेनाशी झाली की 'पुढे वाहन आहे' एवढे एकच विधान उरते, आणि जुन्या ट्रकांच्या बाबतीत ते पुष्कळदा अर्धवट केलेले असते, किंवा केलेलेच नसते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मागचा तांबडा दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे असे म्हटले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीला हे अंतर कापायला सुमारे सात सेकंद लागतात. दिवा बंद असेल, तर मागच्या चालकाला ट्रक दिसतो तो स्वतःच्या मोटारीच्या झोतात, आणि डिपरवर हा झोत साधारण ४०-५० मीटर पोचतो. म्हणजे दोन सेकंद. परावर्तक पट्ट्या असतात हे खरे. पण वाळू नि चिखलाने माखलेली पट्टी पाहिली असेल त्याला तिचा भरवसा किती धरायचा हे सांगायला नको. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालात 'मागून धडक' हा अपघातांचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मोजला जातो.

यात साहित्याच्या शिक्षकांचा संबंध काय, असे विचारले जाईल. आमचे म्हणणे असे की संबंध आहे आणि तो गद्याचा आहे. बंद पडलेला मागचा दिवा सुरू करणे ही कार्यकारणाची एक साखळी आहे. ती मराठीत रोज बोलली जाते, रोज हातांनी केली जाते, आणि लिहिली मात्र जवळजवळ जात नाही. जे लिहिलेच जात नाही त्यातल्या शब्दांना धार येत नाही, आणि बोथट शब्दाचा परिणाम इथे थेट तारेवर होतो. तो कसा, हे पाहण्यासाठी दुरुस्तीच्या तपशिलात शिरावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

आपल्याकडील जुना ट्रक ही एका हाताची निर्मिती नसते. कंपनी चासी देते. तिच्यावर लाकडी वा पत्र्याची बॉडी बांधणारा कारागीर वेगळा असतो. त्यामुळे पुढच्या कॅबिनमधली वायरिंग एका शिस्तीची आणि हौद्याखालून मागे जाणारी दुसऱ्या शिस्तीची, अशी फाळणी पहिल्या दिवसापासूनच असते. पुढे पंधरा-वीस वर्षांत किमान चार-पाच मिस्तरींचे हात त्या तारांना लागतात. मूळ रंग ग्रीस आणि धुळीखाली जाऊन सगळ्या तारा एकाच करड्या रंगाच्या होतात. एखाद्या पोथीच्या अनेक लेखनिकांनी केलेल्या प्रतींत जसा पाठभेद साचत जातो तसाच हा प्रकार आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना तो अपरिचित वाटू नये.

जड ट्रकमध्ये सामान्यतः बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट मिळवलेले असतात. दिव्यापर्यंत जाणारी तार एकच असते. परतीची वाट म्हणजे ट्रकचे लोखंड. तिला 'अर्थ' म्हणतात. मागच्या दिव्यात पुष्कळदा एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात, पाच वॅटचा रात्री सतत जळणारा आणि एकवीस वॅटचा ब्रेक दाबल्यावर पेटणारा. अशा बल्बच्या बुडाशी असलेल्या दोन खुंट्या कमी-अधिक उंचीवर असतात, त्या उगाच नव्हेत. बल्ब उलटा बसू नये यासाठी ती योजना आहे. झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावला तर तो उलटाही बसतो. मग रात्रभर मोठा तंतू जळतो आणि ब्रेक दाबल्यावर छोटा. मागून येणाऱ्याला ट्रक थांबतो आहे हे कळण्याची सोय तिथेच संपते. दिवा लागतो, पण सांगतो भलतेच.

बिघाड मुख्यतः तीन प्रकारचे. तार तुटली, म्हणजे वीज पुढे जातच नाही. तारेवरचे आवरण घासून आतले तांबे चासीला लागले, म्हणजे वीज दिव्यापर्यंत न जाता आडवाटेने परत फिरते, तीही मोठ्या प्रमाणात, आणि फ्यूज उडतो. तिसरा प्रकार सांधा गंजण्याचा. इथे वीज जाते, पण अडखळत जाते. पहिल्या दोन बिघाडांचे स्वरूप परस्परांच्या नेमके विरुद्ध आहे. एकात वाट बंद आहे, दुसऱ्यात नको ती वाट उघडली आहे. असे असूनही बोलण्यात दोहोंना सर्रास 'शॉर्ट झाला' म्हणतात. 'करंट' या शब्दाचेही तसेच. दाब, प्रवाह, धक्का, या सगळ्यांना तो एकटा पुरतो. चांगल्या मिस्तरीचे यात काही अडत नाही, कारण त्याच्या हाताला फरक ठाऊक असतो. अडते ते शिकाऊ पोराचे, आणि त्याहून जास्त रात्री दोन वाजता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चालकाचे. 'शॉर्ट झालाय' हे ऐकून तो फ्यूज बदलतो. तो पुन्हा उडतो. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तारेचा तुकडा फ्यूजच्या जागी येतो. आता उडायला काहीच उरलेले नसते, म्हणून तापते ती सगळी तार, तिच्या शेजारच्या तारा, आणि प्रसंगी कॅबिन. भाषेतील सैलपणाची किंमत इतक्या थेटपणे मोजावी लागते अशी उदाहरणे वर्गात देण्यासाठी आम्ही एरवी शोधत असतो.

खरा शॉर्ट शोधण्याची रीत फार देखणी आहे, आणि ती लिहून ठेवली पाहिजे. मागचे सर्व बल्ब काढून ठेवायचे. उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांना चोवीस व्होल्टचा एक बल्ब जोडायचा आणि पार्किंगचे बटण दाबायचे. वास्तविक मागे एकही बल्ब नसल्यामुळे वीज कुठे जाण्याचे कारण नाही. तरीही हा बल्ब लख्ख पेटला, तर कुठेतरी तार बॉडीला लागली आहे हे ठरले. आता ती मागे मागे हलवत जायचे, जोड असेल तिथे सोडवत जायचे. ज्या टप्प्याला बल्ब विझतो, त्या टप्प्यात चोर आहे. तो बहुधा ठरलेल्या ठिकाणी सापडतो. चासीच्या भोकातून तार जाते तिथले रबर गळून पडलेले असते आणि भोकाच्या कडेने वर्षानुवर्षे आवरण कापलेले असते. नाहीतर तार सायलेन्सरजवळ लोंबून वितळलेली असते. नाहीतर मागच्या चाकांनी उडवलेल्या खडीने तिला सोलून काढलेले असते. बल्ब पेटलेला पाहून बिघाड आहे म्हणायचे आणि विझला की सापडला म्हणायचे, ही उलटी खूण नवशिक्याला समजावून सांगणे हे गद्यलेखकाची परीक्षा पाहणारे काम आहे.

पण जुन्या ट्रकचा सर्वांत चकवणारा बिघाड तिसराच. ब्रेक दाबला की मंद पार्किंग, इंडिकेटर दिला की तांबडा दिवाही लुकलुकतो, अशी लक्षणे दिसू लागली की अनुभवी मिस्तरी तारेकडे पाहतही नाही. महामार्गालगतच्या एका गॅरेजात आम्ही मुद्दाम काही दुपारी जाऊन बसत होतो, तिथल्या मिस्तरींनी अशाच एका वाळूच्या ट्रकखालून बाहेर येत हात पुसत सांगितले, "सर, मागं अर्थच मिळत नाही, तर दिवा काय करंल?" आम्ही हसलो. ते का हसत नाहीत हे कळायला आम्हांला क्षणभर लागला. त्यांच्या वाक्यात श्लेष नव्हता. इंग्रजीतला शब्द मराठीत आला, त्याला एक जुने आसन आयते मिळाले, आणि तो तिथे इतका स्थिर बसला की बोलणाऱ्याला दोन शब्द आहेत याची जाणीवच नाही. परभाषेतील शब्द रुळतो म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या भाषाविज्ञानाच्या टिपणांत नाही.

'अर्थ मिळत नाही' म्हणजे नेमके काय? दिव्यातून बाहेर पडलेल्या विजेला लोखंडातून परत जायचे असते. दिवा ज्या स्क्रूने बॉडीला बसवला आहे, त्याच्या खाली गंज चढलेला असतो. किंवा पासिंगच्या वेळी ट्रक नव्याने रंगवताना दिव्यामागच्या पट्टीलाही रंग फासलेला असतो. पासिंगसाठी केलेल्या रंगाने पासिंगला लागणारा दिवाच बंद पडावा, यातला विनोद आम्हांला आवडतो, मिस्तरींना नाही. परतीची वाट अडली की वीज दुसरी वाट धुंडाळते. ब्रेकच्या तंतूतून आलेली वीज शेजारच्या पार्किंगच्या तंतूत उलटी शिरते आणि दुसऱ्या दिव्यांमधून वळसा घालून लोखंड गाठते. म्हणून न लावलेले दिवे मिणमिणतात आणि लावलेले नीट लागत नाहीत. तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब तार आणून होल्डरच्या धातूला टेकवायची. दिवा झटक्यात उजळला, तर दोष अर्थचा. मग स्क्रू काढून जागा पॉलिशपेपरने पांढरी होईपर्यंत घासायची, दातेरी वायसर घालायचा, आवळायचे आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस फासायचे. जमल्यास दिव्यापासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची तार ओढायची, म्हणजे लाकडी बॉडीच्या स्क्रूंवर विसंबून राहावे लागत नाही.

या टप्प्यावर मीटर फसवतो. गंजलेल्या सांध्याच्या पलीकडे मीटर लावला तर तो इमाने चोवीस व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला लागणारी वीज नगण्य असते आणि एवढी तर गंजातूनही झिरपते. एकवीस वॅटच्या बल्बला एका अँपिअरपेक्षा थोडी कमी वीज लागते. तेवढी ओढायला गेले की सांधा माघार घेतो. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, तो चालू असतानाच मोजायचे. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे नवे होल्डर, नवे बल्ब, नवी तार, असा खर्च होत राहतो आणि दिवा मंदच राहतो.

सांधा करण्याबद्दल थोडे सांगून हा भाग आटोपता घेऊ. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणे ही सर्वत्र चालणारी रीत आहे आणि ती एका पावसाळ्याच्या पलीकडे टिकत नाही. टेपच्या आत पाणी जाते, तांबे हिरवे पडते. तार मागे कापत कापत चकचकीत तांबे लागेपर्यंत जायचे, तिथे थिंबल दाबून बसवायचे, किंवा डाग द्यायचा आणि त्यावर स्लीव्ह चढवून तापवायची. डाग दिलेला सांधा हादऱ्यांनी कडेला मोडतो, म्हणून तो अधांतरी न सोडता चासीला बांधून घ्यायचा. मिस्तरींमध्ये यावरून दोन पंथ आहेत. आमचे मत थिंबलच्या बाजूचे आहे, अर्थात आमच्या मताला गॅरेजात काही किंमत नाही.

वरच्या परिच्छेदांत किती परके शब्द आले ते वाचकांनी पाहिलेच असेल. आम्ही ते मुद्दाम टाळले नाहीत. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि परिभाषाकोशांचे मोठे काम झाले. त्या कामाची टवाळी करणे हा आपल्याकडे एक सोपा करमणुकीचा प्रकार होऊन बसला आहे, त्यात आम्हांला सामील व्हायचे नाही. मराठीतून भौतिकशास्त्र शिकवायचे तर 'रोध' आणि 'विभवांतर' लागणारच. परंतु टेललाईटला कोणी 'पश्चदीप' म्हणावे असे सुचवले, तर त्या शब्दाचा वापरकर्ता कोण, हे विचारावे लागेल. मराठीच्या दारिद्र्याचे कारण परके शब्द नाहीत. 'वायसर', 'थिंबल', 'होल्डर' हे शब्द घेऊनही वाक्य मराठीच राहते, कारण क्रियापदे मराठी आहेत. तार 'लागते', 'सोलवटते', 'लोंबते', सांधा 'धरतो', 'सोडतो', बल्ब 'मिणमिणतो'. परिभाषेच्या चर्चेत आपण नामांवर सगळी शक्ती खर्च करतो आणि काम करणाऱ्या क्रियापदांकडे पाहत नाही. 'शॉर्ट झाला' ऐवजी 'तार बॉडीला लागली' किंवा 'तार तुटली' असे म्हटले, की घोटाळा तिथल्या तिथे संपतो. नवा शब्द घडवावा लागत नाही.

मराठी गद्याला या वस्तूंचे वावडे नेहमीच होते असे नाही. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात नांगर, मोट, गाडी यांच्या भागांचे शब्द आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) मध्ये बलुतेदारांच्या कामाची आणि देण्याघेण्याची नोंद एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणे झाली आहे. आणि ज्या 'किर्लोस्कर' मासिकाला आपण मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात मानाचे पान देतो, ते १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघाले तेव्हा लोखंडी नांगर तयार करणाऱ्या एका कारखान्याचे पत्र होते. नांगराच्या फाळाबद्दल आणि कथेबद्दल एकाच अंकात वाचणारा वाचक मराठीत होता. पुढे कथा वाढली आणि यंत्र बाहेर गेले.

साहित्यात यंत्र परतले ते बहुधा संकट म्हणून. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि जनावरे जातात. ती वेदना खरी आहे आणि आम्ही ती वर्गात मनापासून शिकवतो. कामगारांच्या कवितेने यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाला आवाज दिला. पण तो माणूस यंत्राशी काय करतो, बिघाड कसा ओळखतो, त्याची बुद्धी कुठल्या वाटेने चालते, हे सांगणारी पाने आपल्या वाङ्मयात शोधावी लागतात. श्रमाचे दुःख आपण लिहिले. श्रमातली अक्कल लिहायची राहिली. परीक्षेत 'शिवळ' आणि 'तुंबा' यांचे अर्थ विचारले जातात, आणि बैलगाडी न पाहिलेली मुले ते पाठ करतात. ज्याचे वडील ट्रक चालवतात अशा मुलाला 'फाळका' ठाऊक असतो. तो शब्द कोणी विचारत नाही.

हे काम आयटीआयचे आहे, असा एक आक्षेप येतो. तारा जोडायला शिकवणे आयटीआयचे आहे हे मान्य. क्रमाने, नेमके आणि वाचणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येईल असे लिहायला शिकवणे कोणाचे आहे? आम्ही शिकवतो त्या व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज, इतिवृत्त, बातमी, जाहिरात, मुलाखत हे सारे आहे. एखादे काम कसे करावे याचे निवेदन नाही. दुसरा आक्षेप असा की आता मोबाइलवर चित्रफिती आहेत, लिहिण्याची गरज काय. चित्रफितीत हात दिसतो. हात त्या तारेकडे का गेला आणि शेजारच्या तारेकडे का गेला नाही, हे बहुतेक वेळा सांगितलेले नसते. ट्रक वेगळा निघाला, तारेचा रंग वेगळा निघाला, की पाहणारा जिथल्या तिथे अडतो. कारणे कळलेली असली तर अडत नाही.

म्हणून गेली दोन वर्षे आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक स्वाध्याय देतो. जवळच्या गॅरेजात जायचे, एक बिघाड सापडेपर्यंत थांबायचे, आणि ज्याने तो ट्रक कधी पाहिला नाही अशा माणसाला तो बिघाड काढता येईल असे दोन पाने लिहायचे. विशेषणे वापरायची नाहीत एवढी एकच अट. पहिल्या खेपेला बहुतेकांनी मिस्तरींच्या तेलकट कपड्यांवर आणि कष्टांवर लिहिले, तेही चांगले लिहिले. दिवा मात्र कोणाच्याच पानावर लागला नाही. ते लेखन गॅरेजात परत नेऊन वाचून दाखवायला सांगितल्यावर फरक पडला. एका मुलीला मिस्तरींनी मध्येच थांबवून विचारले, "बॅटरीची तार कधी काढली ते लिवलंच न्हाई, पोरी. जळंल की समदं." तिने ते वाक्य दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या ओळीत घातले. आमच्या तांबड्या शाईने तिच्या लेखनात इतकी मोलाची दुरुस्ती कधी केली नव्हती.

या स्वाध्यायांतून शब्दांची एक वही तयार होते आहे. तांब्याच्या तारेवर येणाऱ्या हिरव्या थराला काय म्हणायचे, यावर वर्गात एक तास गेला. एकाने 'गंज' लिहिले. दुसऱ्याने गंज लोखंडाला चढतो, तांब्याला नाही, असे म्हणून ते खोडले. एका मुलीने 'तार कळकली' असे लिहिले होते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तशीच ही कळकली, असे तिचे म्हणणे. वर्ग हसला, आणि ताक कळकते, भांडे नव्हे, असा रास्त आक्षेपही आला. गॅरेजात विचारले तर तिथे 'तार काळी-हिरवी झाली' यापलीकडे शब्द नव्हता, पण 'कळकली' ऐकून मिस्तरींनी मान डोलावली. वहीत सध्या दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत, आणि पुढे ज्याने जो दिला त्याच्या तालुक्याचे नाव.